नियम आणि निझति : पशुपालनाच्या लोकप्रचाराची धम्मदृष्टीने समीक्षा

दिल्लीतील फिरोजशहा कोटला येथे आज जो अशोकस्तंभ उभा आहे तो मूळचा हरियाणातील टोपरा येथील. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो तेथून हलविला. या स्तंभावरील सातवा लेख अन्य कोणत्याही स्तंभावर आढळत नाही. राज्याभिषेकाच्या सत्ताविसाव्या वर्षी कोरविलेल्या या लेखात सम्राट अशोक आपल्या धम्मकार्याचा आढावा घेतो आणि शेवटाकडे एक महत्त्वाचा निष्कर्ष नोंदवितो. माणसांमध्ये धम्माची वृद्धी दोन मार्गांनी झाली असे तो सांगतो. एक नियम आणि दुसरा निझति. अमुक अमुक प्राणी अवध्य आहेत असे आपण ठरविले, हे नियमाचे उदाहरण तो स्वतःच देतो. परंतु लागलीच म्हणतो की, नियमाचे फळ अल्प आणि निझतीचे फळ अधिक आहे. प्राण्यांविषयीची अहिंसा वाढली ती मुख्यतः निझतीनेच.

निझति म्हणजे पालीतील निज्झत्ति. समजावून देऊन, ऐकणाऱ्यास विचार करावयास लावून त्याचे मन वळविणे, असा तिचा अर्थ. आज्ञा, धाक, प्रलोभन अथवा निंदा यांपैकी काहीही निझति नव्हे. ज्याच्या हाती दंडशक्ती होती अशा सम्राटाने दंडाची मर्यादा दगडावर कोरून ठेवावी, ही घटना जगाच्या इतिहासात विरळाच म्हटली पाहिजे.

याच अशोकाचा गिरनार येथील पहिला शिलालेख निझतीचा नमुना म्हणून वाचण्यासारखा आहे. राजाच्या पाकशाळेत पूर्वी दररोज लक्षावधी प्राणी मारले जात. लेख लिहिला जात असता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरिण. हरिण तर नित्य नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे त्यात नमूद आहे. लक्षावधी हा आकडा अतिशयोक्त असेल. परंतु उपदेश करणारा येथे स्वतःच्या स्वयंपाकघरापासून आरंभ करतो, अद्याप काय सुटलेले नाही तेही लपवीत नाही, आणि प्रजेतील कोणत्याही वर्गाला त्याच्या आहारावरून हीन ठरवीत नाही.

अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांविषयी आज आपल्या समाजात पुष्कळ प्रचार चालतो. अंडी खा असे सांगणारा प्रचार आहे, दूध प्या असे सांगणारा आहे, मांस खाऊ नका असेही सांगणारा आहे. या प्रचारात निझति किती आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू. त्यासाठी निकष आपल्याच परंपरेतला घेऊ. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात तथागतांनी सुभाषित वाचेची पाच अंगे सांगितली आहेत. ती वाचा योग्य वेळी उच्चारलेली असावी, सत्य असावी, मृदू असावी, हितकर असावी आणि मैत्रीपूर्ण चित्ताने उच्चारलेली असावी. बाजारातील वाचेलाही ही कसोटी लावण्यास हरकत नसावी.

लोकमताचे स्वरूप

प्रथम लोकमत काय आहे ते पाहू. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१९-२० मध्ये भारतातील सुमारे ३० हजार प्रौढांची पाहणी केली आणि तिचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार ३९ टक्के भारतीय स्वतःस शाकाहारी म्हणवितात. मांसाहारास या ना त्या प्रकारची मर्यादा घालणारे, या शाकाहारींसह, ८१ टक्के भरतात. बौद्धांमध्ये स्वतःस शाकाहारी म्हणविणारे सुमारे एक चतुर्थांश आहेत.

या मर्यादा कशाच्या असतात? कोणत्या प्राण्याचे मांस, कोणत्या वारी, कोणत्या महिन्यात, कोणाच्या घरचे, याच्या. श्रावणात वर्ज्य म्हणून आषाढ अमावास्येच्या आधी मटणाच्या दुकानापुढे रांगा लागतात, हे महाराष्ट्रात दरवर्षी दिसते. जो प्राणी ताटात आला तो कसा जगला, किती दिवस जगला, कोणत्या अवस्थेत वाहून आणला गेला, हा प्रश्न मात्र या मर्यादांमध्ये कोठेच उपस्थित होत नाही. आपल्या समाजाची आहारनीती खाणाऱ्याच्या पावित्र्याभोवती फिरते. खाल्ल्या जाणाऱ्या जीवाच्या वेदनेभोवती ती क्वचितच फिरते. पुढे ज्या प्रचाराची तपासणी करावयाची आहे तो याच मनोभूमीत पेरलेला आहे, हे ध्यानात ठेवावे.

अंडे दिसते, कोंबडी दिसत नाही

राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ मध्ये स्थापन झाली. व्यापाऱ्यांच्या हातून नाडल्या जाणाऱ्या कुक्कुटपालकांना अंड्याचा दर स्वतः ठरविता यावा, ही तिच्यामागील प्रेरणा होती. पुढे दूरदर्शनवरून तिने केलेला, रविवार असो की सोमवार रोज अंडे खाण्याचा आग्रह करणारा प्रचार घरोघरी पोहोचला. या प्रचाराचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. स्वस्त आणि पौष्टिक अन्न म्हणून अंड्याची ओळख त्याने करून दिली. विशिष्ट जातीधर्माचे खाद्य म्हणून अंड्याकडे पाहण्याची सवय त्याने सैल केली. सुभाषित वाचेची मृदुता आणि काही अंशी हितकारकता ही दोन अंगे त्यात होती.

उणीव होती ती सत्याची. त्या चित्रात अंडे होते, हसरे मूल होते, कोंबडी नव्हती. व्यापारी अंडी-उत्पादनात कोंबडी तारेच्या पिंजऱ्यात राहते. तिच्या वाट्यास येणारी जागा टंकलेखनाच्या कागदाहूनही लहान असते. पंख पसरणे, मातीत अंग घोळणे, आडोशाला अंडे घालणे, या तिच्या स्वाभाविक क्रिया तिला करता येत नाहीत. एकमेकींना टोचू नये म्हणून चोचीचे टोक कापले जाते. अंड्याच्या जातीतील नर पिल्ले अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही परवडत नाहीत. म्हणून उबवणी केंद्रातच त्यांतील बहुतेक नष्ट केली जातात अथवा कवडीमोलाने विकली जातात. सुमारे दीड वर्षाने मादीचीही अंडी उतरतात आणि तिची रवानगी खाटकाकडे होते. मांसासाठी वाढविलेल्या ब्रॉयलरचे आयुष्य तर सहा आठवड्यांच्या आसपासच संपते. ही स्थिती शासनाला अज्ञात नाही. भारतीय विधी आयोगाने २०१७ मध्ये आपला २६९ वा अहवाल अंड्याच्या आणि मांसाच्या कोंबड्यांची वाहतूक व निवास याच विषयावर सादर केला.

याच उद्योगाचा आणखी एक दावा लक्षात घेण्याजोगा आहे. व्यापारी अंडे फलित नसते, त्यातून पिल्लू निघत नाही, म्हणून ते शाकाहारी होय, असे सांगितले गेले. युक्तिवाद चतुर आहे. परंतु तो करताना उद्योगाने शुद्धतावाद्यांचीच चौकट मान्य केली. अंड्याच्या आत जीव आहे की नाही याची चर्चा दोन्ही बाजूंनी झाली. अंड्याच्या बाहेर, पिंजऱ्यात, जो जीव निःसंशय आहे त्याविषयी दोन्ही बाजू मौन पाळून राहिल्या. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या ८५ कोटींवर होती. इतक्या जीवांविषयीचे मौन ही लहानसहान चूक मानता येणार नाही.

दुधाचा हिरवा ठिपका

दुधाच्या प्रचाराचा इतिहास अधिक उदात्त आहे. १९७० ते १९९६ या काळात राबविलेल्या दूध महापूर योजनेने लहान शेतकरी आणि भूमिहीन स्त्रिया यांच्या हाती रोखीचे उत्पन्न दिले. गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभारलेला, श्याम बेनेगल दिग्दर्शित ‘मंथन’ हा १९७६ चा चित्रपट या चळवळीचेच अपत्य. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. दूध संस्थेच्या उभारणीतून गावातील जातीचा प्रश्न कसा पुढे येतो हे त्या चित्रपटाने दाखविले, हे आपण कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. प्रचारासाठी काढलेली कृतीदेखील समाजाचे सत्य सांगू शकते, याचा तो पुरावा आहे.

त्यानंतरच्या दुधाच्या जाहिरातींत मात्र हिरवे कुरण आणि प्रसन्न गाय एवढेच उरले. २००१ मध्ये अन्नपदार्थांच्या वेष्टनांवर मांसाहारी पदार्थांसाठी तपकिरी चिन्हाची सक्ती झाली आणि पाठोपाठ शाकाहारी पदार्थांसाठी हिरवे चिन्ह आले. या नियमांत अंडे मांसाहारी ठरले आणि दूध प्राणिज असूनही शाकाहारी ठरले. खाणाऱ्यास माहिती मिळणे योग्यच आहे. परंतु या ठिपक्याने सांगितलेली माहिती खाणाऱ्याच्या आचाराविषयीची आहे. प्राण्याच्या अवस्थेविषयी तो काहीच सांगत नाही. हिरवा ठिपका पाहून येथे हिंसा नाही असा समज मात्र होतो.

तो समज कितपत खरा आहे हे शासकीय आकडेच सांगतात. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी गोवंशीय जनावरे होती आणि त्यांत माद्या सुमारे साडेचौदा कोटी होत्या. गायीच्या पोटी गोऱ्हा आणि कालवड साधारण सारख्याच प्रमाणात जन्मतात. मग इतके नर गेले कोठे? ट्रॅक्टर आला, कृत्रिम रेतन आले, आणि गोऱ्ह्याला शेतात वा गोठ्यात काम उरले नाही. त्याला पाजलेले दूध हे विक्रीतून गेलेले दूध ठरते. कोणी उपासमारीने मरतो, कोणी रस्त्यावर सोडला जातो, कोणी कत्तलीसाठी जातो. म्हशीच्या रेडकांची कथा याहून वेगळी नाही; म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातील अग्रेसर देशांपैकी आहे आणि तो व्यवसाय दुग्धव्यवसायाच्याच पायावर उभा आहे. भाकड जनावर कोणी पोसावे, या प्रश्नाचे उत्तर दुधाच्या कोणत्याही जाहिरातीत नसते. सबब, दूध पिणारा अहिंसक आणि मांस खाणारा हिंसक ही विभागणी वस्तुस्थितीला धरून नाही.

शुद्धतेचा प्रचार

प्राण्यांच्या बाजूने बोलणारा म्हणून ज्याची आपल्याकडे ख्याती आहे तो प्रचार शुद्धतेचा आहे. त्याच्या भाषेत मांस खाणारा तामसी, अपवित्र, क्रूर असतो. या भाषेचा अनुभव आपल्या समाजाला नव्याने सांगावयास नको. भाड्याचे घर नाकारताना, वसतिगृहात वेगळी पंगत मांडताना ती आजही ऐकू येते.

या प्रचाराने नियमाचाही आश्रय घेतला. महाराष्ट्राच्या १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्यातील, १९९५ मध्ये संमत झालेली दुरुस्ती २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीने अमलात आली. गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली, कत्तल करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत आणि असे मांस जवळ बाळगणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी कत्तलबंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेरून आलेले मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. त्याच वर्षी जुलैमध्ये गुजरातमधील उना येथे मृत गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून अमानुष मारहाण झाली. त्या कुटुंबाने २०१८ च्या एप्रिलमध्ये धम्मदीक्षा घेतली, हे आपल्या वाचकांस विदित आहेच. ज्या गायीला माता म्हणावयाचे तिचे कलेवर ज्याने ओढावयाचे, त्याच्याच पाठीवर काठी पडते. ही करुणा नव्हे, हे सांगण्यास पंडिताची गरज नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथात गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध उलगडला. त्याच ग्रंथात अशोकाचे लेख तपासून, अशोकाने गोहत्येवर विशेष बंदी घातलेली नव्हती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाशी आजच्या कायद्याची तुलना उद्बोधक आहे. तेथे गाभण वा दूध पाजणाऱ्या शेळी, मेंढी आणि डुकरीण यांना, तसेच सहा महिन्यांच्या आतील त्यांच्या पिलांना अभय आहे. डुकरीण आणि तिची पिले त्या राजाच्या करुणेत बसली. प्राण्याची अवस्था हा तेथे निकष होता, त्याचे धार्मिक महात्म्य नव्हे.

शाळेतील अंड्याच्या वादात या प्रचाराची अहितकारकता सर्वांत स्पष्ट दिसते. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. त्यावर विरोध झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी शासनाने थांबविला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली होती. ज्यांच्या घरी दूध, तूप, सुकामेवा आहे त्यांनी ज्यांच्या घरी काहीच नाही त्यांच्या मुलांच्या ताटातील अंडे काढून घ्यावे, आणि पिंजऱ्यातल्या कोंबडीचा पिंजरा मात्र तसाच राहावा, असा हा व्यवहार आहे. यात मुलाचेही हित नाही आणि कोंबडीचेही नाही.

भय आणि धक्का

तिसऱ्या प्रकारचा प्रचार भयाचा. फेब्रुवारी २०२० मध्ये कोंबडीच्या मांसाने करोना होतो अशी अफवा उठली आणि काही आठवड्यांत दर कोसळले. खाद्याचा खर्च झेपेना म्हणून काही ठिकाणी जिवंत पिल्ले खड्ड्यात पुरली गेली. मांस खाणे कमी झाले, पण प्राण्यांचे दुःख वाढले आणि कर्जबाजारी कुक्कुटपालक बुडाला. उत्तरादाखल उद्योगाने शिजविलेली कोंबडी फुकट वाटण्याचे मेळे भरविले. आणि भय ओसरताच सारे पूर्ववत झाले. ज्या मतपरिवर्तनात विचार झालेला नसतो ते टिकत नाही, याचा हा दाखला.

भयाचेच एक परिष्कृत रूप म्हणजे धक्का. परदेशात प्राणिहक्काच्या चळवळीने त्याचा पुष्कळ वापर केला. २००३ मध्ये पेटा या संघटनेने नाझी छळछावण्यांतील माणसांची आणि पशुशाळांतील प्राण्यांची छायाचित्रे शेजारी शेजारी मांडणारे प्रदर्शन अमेरिकेत काढले. २००५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या गुलामगिरीशी तशीच तुलना केली. ज्यू आणि कृष्णवर्णीय संघटनांनी तीव्र निषेध केला. जर्मनीत न्यायालयांनी पहिल्या मोहिमेस मनाई केली आणि २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती मनाई वैध ठरविली.

या निषेधाचे मर्म आपणांस सहज कळावे. ज्यांना शतकानुशतके पशुवत वागविले गेले त्यांच्या यातनेचा दृष्टांत म्हणून वापर करताना त्यांची संमती कोणी विचारीत नाही. प्राण्याविषयी करुणा जागविण्यासाठी पीडित माणसाच्या प्रतिष्ठेचा बळी देण्याची आवश्यकता नसते. संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तात पसेनदी राजाच्या महायज्ञाची हकीकत आहे. पाचशे बैल, पाचशे गोऱ्हे, पाचशे कालवडी, पाचशे बकरे, पाचशे मेंढे यूपाकडे नेले जात आहेत. आणि त्याच वर्णनात दास, सेवक, कामकरी दंडाच्या भयाने, अश्रू ढाळीत यज्ञाची तयारी करीत आहेत. सुत्ताने प्राण्याला माणसाची उपमा दिली नाही की माणसाला प्राण्याची. दोघांचे दुःख एकाच दृष्टीने पाहिले. आजही कोंबड्यांच्या शेडमध्ये आणि कत्तलखान्यात राबणारा मजूर आणि तेथला प्राणी हे एकाच यज्ञातले आहेत. प्रचार करणाऱ्यास ते दोघे एकदम दिसत नसतील तर त्याची दृष्टी अपुरी आहे.

आपलीही तपासणी

इथवर इतरांची तपासणी झाली. अशोकाचा निकष स्वतःच्या पाकशाळेपासून आरंभ करण्याचा आहे. तेव्हा आपल्या वाचेचीही परीक्षा झाली पाहिजे.

शुद्धतावाद्यांना उत्तर देताना आपण सुत्तनिपातातील आमगंध सुत्ताचा आधार घेतो. मांसभोजन हा आमगंध नव्हे, असे ते सुत्त वारंवार सांगते. आधार बरोबर आहे. परंतु मग आमगंध कोणता, याची जी यादी तेथे आहे तिच्या आरंभीच प्राणघात, मारणे, तोडणे आणि बांधणे ही आहेत. म्हणजे खाणारा खाण्याने अपवित्र होत नाही, हे जितके सत्य तितकेच बांधण्यात आणि मारण्यात दुर्गंध आहे हेही सत्य. आपण पहिले वाचतो आणि दुसरे सोडून देतो.

मज्झिम निकायातील जीवक सुत्ताचेही असेच झाले आहे. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, अशा तीन परींनी शुद्ध मांस भिक्षूस ग्राह्य आहे, हा भाग सर्वांस पाठ असतो. परंतु तो नियम भिक्षूसाठी आहे. भिक्षू मागत नाही, निवडत नाही, पात्रात पडेल ते घेतो. बाजारात जाऊन पैसे मोजणाऱ्या उपासकाची स्थिती तीच नाही. त्याच सुत्ताच्या शेवटी, तथागतांसाठी प्राणी मारविणाऱ्याला जोडणारी पाच अपुण्ये सांगितली आहेत. ‘तो प्राणी आणा’ ही आज्ञा हे पहिले. गळ्याला दोरी लावून ओढत आणताना प्राण्यास होणारे दुःख हे दुसरे. मारण्याची आज्ञा, मारताना त्यास होणारे दुःख, आणि अकल्प्य अन्नदान ही पुढील तीन. पाचांपैकी दोन केवळ प्राण्याच्या वेदनेची आहेत, आणि ओढत नेण्याची वेदना मृत्यूहून वेगळी मोजली आहे. सायकलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या ज्याने पाहिल्या आहेत त्यास दुसऱ्या अपुण्याचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही.

आणखी एक प्रश्न आहे. आज आज्ञा कोण देतो? या आठवड्यात किती खपले यावर पुढील खेपेस किती पिल्ले शेडमध्ये सोडावयाची ते ठरते. कंपनी पिल्ले, खाद्य, औषध देते. करारावरील शेतकरी शेड आणि श्रम देतो व किलोमागे मोबदला घेतो. आज्ञा हजारो गिऱ्हाइकांत विभागली गेली आहे, म्हणून ती कोणाचीच नाही असे वाटते. परंतु चेतनेलाच कर्म मानणाऱ्या धम्मात हे समाधान पुरेसे नाही.

यावर कोणी म्हणेल, हे बोलणे म्हणजे मागच्या दाराने शाकाहाराची सक्ती नव्हे काय? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात या शंकेचे निरसन करून ठेवले आहे. तथागतांनी अहिंसेला नियम केले नाही, तत्त्व केले. नियम माणसाला विचार करण्यास मुभा ठेवत नाही; तत्त्व त्याच्या विवेकावर भार टाकते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतील भेद ते तेथे स्पष्ट करतात. या भेदाने गरिबाच्या ताटातील अन्नाचे रक्षण केले आहे. पण त्याच भेदाने आपणांस एक प्रश्नही सोपविला आहे. कुपोषित मुलाला अंडे, मजुराला स्वस्त प्रथिने ही गरज होय. कोंबडीला कागदाएवढ्या जागेत कोंडणे ही कोणाची गरज? ती दराची आणि नफ्याची गरज आहे. तिचे समर्थन करण्याचे बंधन आपल्यावर नाही.

येथे महाडचे स्मरण उचित होईल. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचा उपदेश केला. तो आहाराविषयीचाच प्रचार होता. परंतु त्यांनी समाजाला अपवित्र म्हटले नाही. ज्या व्यवस्थेने हे अन्न वाट्यास आणले तिच्यावर बोट ठेवले, आणि स्वाभिमानाला आवाहन केले. ऐकणाऱ्यांनी तो उपदेश आपला मानला आणि गावोगाव आचरला. सुभाषित वाचेची पाचही अंगे तेथे होती. आधुनिक महाराष्ट्रात निझतीचे याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण.

निझतीची दिशा

तात्पर्य, उद्योगाचा प्रचार प्राण्याला अदृश्य करतो, शुद्धतेचा प्रचार माणसाला हीन करतो, आणि भयाचा प्रचार विचाराला पळवून लावतो. शुद्धतेच्या प्रचाराने आपणांस इतके जखमी केले आहे की प्राण्याविषयीचा कोणताही शब्द आपणांस त्याच गोटातला वाटू लागतो. ही प्रतिक्रिया समजण्यासारखी असली तरी तिच्यात धोका आहे. त्यामुळे करुणेची भाषा आपण ज्यांना तिचा अधिकार नाही त्यांच्या स्वाधीन करून बसतो. शुद्धतेचा नकार हा करुणेचा नकार होता कामा नये. प्राणिमात्रांवरील दयेची प्रतिज्ञा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर आपण घेतली आहे. ती कोणाकडून उसनी घेतलेली नाही.

निझतीचे काम विहारात सहज सुरू होण्यासारखे आहे. धम्मवर्गात आमगंध आणि जीवक ही सुत्ते अर्धी न वाचता पूर्ण वाचावीत. शाळेतील अंड्याचे समर्थन ठामपणे करावे आणि त्याच निवेदनात पिंजऱ्याची जागा वाढविण्याची व वाहतुकीचे नियम पाळण्याची मागणीही घालावी. या दोन मागण्यांत विरोध नाही. गोवंशाच्या नावाने होणाऱ्या अत्याचारास विरोध करताना गोऱ्ह्याचे आणि भाकड गायीचे काय, हा प्रश्न दूध पिणाऱ्यांनाच विचारावा. उपासकाने टाळावयाच्या पाच व्यापारांत प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार येतो. परंतु ज्यांच्यापुढे दुसरा व्यवसाय नाही अशा आपल्या बांधवांची निंदा न करता त्यांच्यासाठी सम्यक आजीविकेचे मार्ग उभे करण्याची जबाबदारी संघाची आणि समाजाची मानावी. आणि बुद्धपौर्णिमेच्या किंवा दीक्षादिनाच्या सामुदायिक भोजनात काय असावे हे कोणाच्या धाकाने वा कोणाला डिवचण्यासाठी न ठरविता, सर्वांनी बसून, विचार करून ठरवावे. निर्णय काहीही होवो, तो विचारपूर्वक झाला तर अशोकाच्या स्तंभावरील त्या शब्दाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

भवतु सब्ब मंगलं.